भरतीची जाहिरात रंगीत, पगाराचा आकडा मात्र गायब

विशेष प्रतिनिधी

लातूर / नांदेड : चाकण, रांजणगाव आणि हिंजवडीतील कंपन्यांना माणसे पुरविणारे ठेकेदार व प्लेसमेंटवाले आता मराठवाड्यातील वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींवर विसंबून राहत नाहीत. ते थेट लातूर-नांदेडच्या तरुणांच्या मोबाइलवर पोहोचतात. चौकोनी रंगीत पोस्टर, त्यावर पिवळे हेल्मेट घातलेला हसतमुख कामगार, 'थेट भरती', 'त्वरित रुजू', 'राहण्या-जेवणाची सोय' अशा ठळक ओळी आणि तळाशी दोन मोबाइल क्रमांक, हा या जाहिरातींचा ठरलेला साचा आहे. अलीकडे त्यात अर्ध्या मिनिटाच्या रीलची भर पडली आहे. कारखान्याचे चकचकीत प्रवेशद्वार, कॅन्टीनमधील ताट, बसमधून उतरणारी पोरे आणि मागे एखाद्या गाजलेल्या गाण्याची धून. पाहणाऱ्याचे लक्ष वेधून घेण्यात ही जाहिरात कुठेही कमी पडत नाही.

मात्र तिच्यात चार गोष्टी बहुधा सापडत नाहीत. नोकरी देणारी कंपनी नेमकी कोणती, पद कायम आहे की कंत्राटी की शिकाऊ, सर्व कपाती वजा जाता हातात किती रुपये पडणार आणि काम किती महिन्यांचे. रात्रीच्या ट्रॅव्हल्सचे तिकीट काढण्यापूर्वी उमेदवाराला कळायला हवे ते एवढेच, आणि नेमके तेच वगळलेले असते. समाजमाध्यमांवरून माणसे शोधण्यास हरकत घेण्याचे काही कारण नाही. कल्पकतेलाही नाही. पण ज्या जाहिरातीच्या भरवशावर एखादा मुलगा गाव सोडतो, ती साबणाच्या जाहिरातीइतकीच मोघम असावी का, हा प्रश्न मराठवाड्याने आता विचारायला हवा.

हा प्रश्न लातूर आणि नांदेडलाच अधिक का भेडसावतो, हे समजून घेण्यासाठी या दोन शहरांची घडण पाहावी लागते. दोन्ही शहरांनी गेल्या चार दशकांत शिक्षण हाच आपला प्रमुख उद्योग केला. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांनी 'लातूर पॅटर्न' हा शब्द राज्यभर नेला. पुढे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवण्यांनी लातूरपाठोपाठ नांदेडचाही चेहरामोहरा बदलला. नांदेडला श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१पासून आहे; स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४मध्ये स्थापन झाले आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतून दरवर्षी हजारो पदवीधर बाहेर पडू लागले. त्यांना सामावून घेणारे कारखाने मात्र त्या प्रमाणात उभे राहिले नाहीत. नांदेडची उस्मानशाही मिल इतिहासजमा झाली. लातूरच्या डाळमिल्स आणि सोयाबीनचे प्रक्रिया उद्योग मोठे आहेत. पण त्यांना पदवीधर थोडे आणि हमाल, ऑपरेटर अधिक लागतात. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहराकडे नवा उद्योजक कसा पाहत असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. परिणामी शिकलेल्यांची गर्दी इथे आणि नोकऱ्या पुण्याला, अशी विभागणी झाली. या दोन टोकांमधील जागा पूर्वी गावातला आधी गेलेला माणूस भरून काढीत असे. आता ती पोस्टरने व्यापली आहे.

शोधणारा बदलला

रोजगाराची माहिती पोहोचविण्याची सरकारी व्यवस्था आपल्याकडे जुनी आहे. १९५९च्या सेवायोजन कार्यालयविषयक कायद्याने २५ किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळविणे बंधनकारक केले होते. कळविणे बंधनकारक, तिथूनच माणूस घेणे मात्र नाही, अशी त्या कायद्याची गंमत होती. त्यामुळे कार्ड काढून वर्षानुवर्षे बोलावण्याची वाट पाहणारी एक पिढी मराठवाड्यात घडली. नंतर १९९७मध्ये 'नोकरी डॉट कॉम' आले, २००३मध्ये 'लिंक्डइन' सुरू झाले, राज्य सरकारनेही पुढे 'महास्वयम्' हे संकेतस्थळ उभे केले. या सर्व ठिकाणी उमेदवाराने जाऊन नाव नोंदवायचे आणि शोध घ्यायचा, ही पद्धत कायम राहिली. समाजमाध्यमांनी ती उलटी केली. आता जाहिरातच उमेदवाराला शोधत येते. औशाचा आयटीआय झालेला मुलगा नोकरी शोधत नसतानाही रात्री अकरा वाजता त्याच्या हातातील पडद्यावर नोकरी उगवते.

जाहिरात आपणहून येत असेल, तर ती कशी असावी याचे काही चांगले नमुने जगात आहेत. २००४मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅलीच्या हमरस्त्यावर एक फलक लागला. त्यावर कंपनीचे नाव नव्हते, नोकरी हा शब्दही नव्हता. गणितातील 'ई' या स्थिरांकाच्या अंकांमध्ये सलग येणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या शोधा, एवढेच कोडे होते आणि उत्तर हाच संकेतस्थळाचा पत्ता होता. ते सोडविणाऱ्याला पुढे आणखी एक कोडे आणि त्यापुढे गुगलच्या भरती विभागाचे निमंत्रण मिळे. २०११मध्ये मॅरियट या हॉटेल कंपनीने फेसबुकवर एक खेळ आणला. त्यात खेळणाऱ्याला हॉटेलचे स्वयंपाकघर चालवावे लागे, सामान आणणे, माणसे नेमणे, पदार्थ वेळेत बाहेर पाठविणे. २०१७मध्ये मॅकडोनाल्ड्सने ऑस्ट्रेलियात दहा सेकंदांच्या व्हिडिओद्वारे अर्ज स्वीकारण्यास सुरुवात केली.

या उदाहरणांचे कौतुक आपल्याकडील व्यवस्थापनाच्या वर्गांत नेहमी होते, पण त्यातील मर्म क्वचितच सांगितले जाते. गुगलचा फलक हजारो मोटारचालकांनी पाहिला आणि बहुसंख्य पुढे निघून गेले. तसे व्हावे, हाच त्याचा हेतू होता. मॅरियटचा खेळ खेळून स्वयंपाकघराचा ताण नकोसा वाटलेला माणूस अर्जच करणार नव्हता. चांगली भरतीची जाहिरात अयोग्य माणसाला दूर ठेवते आणि योग्य माणसाला कामाची चव आधीच दाखवते. म्हणजे तिच्यामुळे अर्जांची संख्या घटली तरी चालते.

आपल्याकडे नेमके उलटे ध्येय धरले जाते. किती जणांनी पोस्टर पाहिले, किती फोन आले, मेळाव्याला किती गर्दी झाली, यावर भरतीचे यश मोजले जाते. वस्तुतः अर्ज मिळविणे ही महाराष्ट्रात कधी अडचण नव्हतीच. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, तेही खुल्या प्रवर्गाला हजार आणि राखीव प्रवर्गाला नऊशे रुपये शुल्क असताना. २०२४च्या पोलीस भरतीत १७ हजार ४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांपेक्षा अधिक अर्ज दाखल झाले. ना रील, ना हसतमुख कामगार. शासनाची रूक्ष, परिशिष्टांनी भरलेली जाहिरात होती. पण तिच्यात वेतनश्रेणी, पदसंख्या, आरक्षण, वयोमर्यादा आणि निवडीची पद्धत लिहिलेली होती. उमेदवाराला शृंगाराची ओढ नसते, खात्रीची असते, हे या गर्दीने पुरेसे स्पष्ट केले आहे. खासगी क्षेत्र मात्र खात्री देता येत नसल्याची भरपाई रंगाने करू पाहते.

शिकवणीवर्गांचे निराळे गणित

या दोन शहरांत समाजमाध्यमांचा भरतीसाठी खऱ्या अर्थाने कल्पक वापर कोणी केला असेल, तर तो शिकवणीवर्गांनी. येथे उलाढाल मोठी, स्पर्धा तीव्र आणि सगळा डोलारा चार-दोन शिक्षकांच्या नावावर उभा. भौतिकशास्त्र किंवा जीवशास्त्र उत्तम शिकविणारा माणूस मिळाला तर एका हंगामात वर्ग भरतो आणि तो शेजारच्या इमारतीत गेला तर रिकामा होतो. अशा शिक्षकाचा बायोडाटा कोणी वाचत नाही. त्याचे यूट्यूबवरील तास पाहिले जातात. खालच्या प्रतिक्रिया वाचल्या जातात. मुले त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, यावरूनही अंदाज बांधला जातो. पूर्वी 'डेमो लेक्चर' नावाची परीक्षा बंद खोलीत होई. आता ती जाहीर आणि अखंड चालू असते.

यात शिक्षकाचा फायदा झाला, हे मान्य केले पाहिजे. औंढ्यातील किंवा मुखेडमधील एखादा तरुण शिक्षक ओळखीवाचून मोठ्या वर्गापर्यंत पोहोचू शकतो. पण याच व्यवस्थेने मालकाची भीतीही वाढविली. मार्च २०२३मध्ये देशातील एका मोठ्या ऑनलाइन शिकवणी कंपनीतून, फिजिक्सवालातून, तीन शिक्षक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचे यूट्यूब चॅनेल काढले, तेव्हा विद्यार्थीही त्यांच्यामागे तिकडे वळले. श्रोतावर्ग शिक्षकाबरोबर जातो, संस्थेजवळ राहत नाही. त्यावर उपाय म्हणून शिकवणी क्षेत्रात बाँडची कागदपत्रे आली. या कागदांविषयी शिक्षकांमध्ये बरेच गैरसमज आहेत. भारतीय करार कायदा १८७२च्या कलम २७नुसार नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करू नये, ही अट सर्वसाधारणपणे निरर्थक ठरते. मात्र ठरावीक काळ नोकरी न करता मध्येच सोडल्यास भरपाई द्यावी लागेल, ही अट तशी निरर्थक नाही. मे २०२५मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली. जाहिरातीत 'आकर्षक पॅकेज' मोठ्या अक्षरांत आणि बाँडचा उल्लेख नियुक्तीच्या दिवशी, ही पद्धत म्हणूनच आक्षेपार्ह आहे.

याच शिकवणीवर्गांच्या जाहिरातींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी मार्गदर्शक सूचना लागू केल्या. यशाचे खोटे दावे, निवडीची वा नोकरीची हमी, विद्यार्थ्याच्या संमतीवाचून त्याचे छायाचित्र वापरणे यांना त्यांनी मनाई केली. लातूरच्या चौकाचौकांतील फलकांना यामुळे थोडी तरी शिस्त लागावी, ही अपेक्षा आहे. पण गमतीचा भाग असा की, शिकवणीवर्गाने विद्यार्थ्याला नोकरीचे खोटे आश्वासन दिले तर हा नियम आड येतो आणि ठेकेदाराने उमेदवाराला पगाराचे खोटे आश्वासन दिले तर येत नाही. कारण ग्राहक तो, जो मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेतो. नोकरी मागणारा काही विकत घेत नाही, तो स्वतःचे श्रम विकायला निघालेला असतो. त्याच्याकडून 'रजिस्ट्रेशन फी' उकळली गेली तर प्रकरण फसवणुकीत बसते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ त्यासाठी आहे. पण फी न घेता निव्वळ अर्धसत्य सांगून माणूस पुण्याला नेला, तर त्याची दाद कुठे मागायची, याचे सोपे उत्तर नाही.

ग्रुपवरचा विश्वास

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहिला. माणसाला नोकरीची बातमी जवळच्या मित्रांपेक्षा दूरच्या, अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते, असे त्यांनी दाखविले. जवळच्यांना जे माहीत असते, ते आपल्यालाही माहीत असतेच. नवी बातमी दुरून येते. २०२२मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांच्या पाहणीनेही मध्यम सैल ओळखीच नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोगी पडतात, असा निष्कर्ष काढला.

लातूर-नांदेडमध्ये हे काम लिंक्डइनपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवरील बॅचचे ग्रुप करतात. आयटीआयच्या २०१९च्या तुकडीचा ग्रुप, डिप्लोमाच्या मेकॅनिकलचा ग्रुप, भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या मैदानावरचा ग्रुप. वर्षभर वाढदिवसाच्या शुभेच्छा वाहणारा हा ओढा अधूनमधून एखादी खरी संधी घेऊन येतो. भोसरीत लागलेला मुलगा 'आमच्याकडे चार जागा आहेत' असे लिहितो आणि त्या जागा खरेच असतात. ही भरती कंपनीला फुकट पडते आणि उमेदवाराला विचारायला ओळखीचा माणूस असतो. जगभरच्या कंपन्या आपल्याच कर्मचाऱ्यांकडून नावे मागवितात त्यामागे हेच गणित आहे.

धोका पुढे सुरू होतो. पोस्टर एकदा ग्रुपवर पडले की ते कोणी बनविले हे कोणी पाहत नाही, कोणी पाठविले एवढेच पाहिले जाते. मित्राने पुढे ढकललेला निरोप मित्राच्या विश्वासावर वाचला जातो. त्या मित्राने मात्र तो न वाचताच ढकललेला असतो. फसविणाऱ्यांनी हा स्वभाव अचूक ओळखला. व्हिडिओला 'लाइक' करा आणि घरबसल्या कमवा, या स्वरूपाच्या अर्धवेळ कामाच्या जाळ्यात देशभर लोक अडकले. डिसेंबर २०२३मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या शिफारशीवरून अशा फसव्या कामांची व गुंतवणुकीची शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद करण्यात आली. त्याहून भीषण प्रकार कंबोडिया आणि म्यानमारचा. समाजमाध्यमांवरील 'डेटा एंट्री'च्या जाहिराती पाहून गेलेल्या भारतीय तरुणांना तेथे डांबून त्यांच्याकडूनच सायबर फसवणूक करवून घेण्यात आली आणि परराष्ट्र खात्याला त्यांच्या सुटकेसाठी धडपडावे लागले. पैसे गेल्यास तातडीने १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते. मात्र खऱ्या ठेकेदाराचे पोस्टर आणि भामट्याचे पोस्टर शेजारी ठेवले, तर फरक ओळखता येत नाही, ही खरी अडचण आहे. दोघेही कंपनीचे पूर्ण नाव लिहीत नाहीत, दोघेही पगाराविषयी मोघम असतात आणि दोघेही लगेच फोन करायला सांगतात. प्रामाणिक माणसाने आपली जाहिरात भामट्याच्या जाहिरातीसारखी ठेवली, तर संशयाचा फटका त्यालाही बसणारच.

साखळी पद्धतीने माल विकणाऱ्या कंपन्यांची 'भरती' हा आणखी एक उपप्रकार. हॉटेलच्या सभागृहात टाय लावलेली मुले, पडद्यावर परदेशी मोटारी आणि शेवटी सभासद होण्याची रक्कम. २८ डिसेंबर २०२१च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. ज्या 'नोकरी'त आधी आपणच पैसे भरायचे असतात, ती नोकरी नव्हे, एवढे लक्षात ठेवले तरी बरेच पैसे वाचतील.

जाहिरात कोणाला दिसत नाही

छापील जाहिरात सर्वांना सारखीच दिसत असे. फेसबुकवरील जाहिरात देणारा मात्र कोणाला दाखवायची हे ठरवू शकतो. अमेरिकेत यावरून मोठा वाद झाला. वयस्कर लोकांना आणि स्त्रियांना नोकरीच्या जाहिराती दाखविल्याच जात नाहीत, असे आरोप झाल्यावर मार्च २०१९मध्ये फेसबुकने नागरी हक्क संघटनांशी तडजोड केली आणि नोकरी, घर व कर्ज यांच्या जाहिरातींना वय, लिंग व पोस्टल क्रमांकानुसार प्रेक्षक निवडण्याची सोय काढून घेण्याचे मान्य केले.

आपल्याकडे एवढी चलाखी करण्याचीही गरज भासत नाही. पोस्टरवरच 'फक्त मुले' किंवा 'फक्त अविवाहित मुली' असे छापलेले असते. २०२४च्या जूनमध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने चेन्नईजवळील फॉक्सकॉनच्या कारखान्यात विवाहित स्त्रियांना डावलले जात असल्याचे वृत्त दिले, त्यावेळी भरती करणाऱ्या ठेकेदारांच्या जाहिरातींमधील अशाच अटी पुराव्यादाखल पुढे आल्या. वर्षअखेरीस कंपनीने भरतीच्या जाहिरातींतून वय, लिंग आणि वैवाहिक स्थितीच्या अटी काढण्यास ठेकेदारांना सांगितल्याचे वृत्त आले. भरतीत स्त्री-पुरुष भेद करण्यास १९७६च्या समान वेतन कायद्याने मनाई होती आणि तीच तरतूद आता वेतन संहितेत आली आहे. लातूरच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलीने असे पोस्टर पाहून सोडून देऊ नये, जपून ठेवावे. तो कागद म्हणजे ठेकेदाराने स्वतःच दिलेला जबाब आहे.

नोकरी म्हणून विकले जाणारे प्रशिक्षण

पदाच्या स्वरूपाविषयीची मोघमता सर्वांत महागात पडते. 'नामांकित कंपनीत भरती' असे सांगून प्रत्यक्षात शिकाऊ उमेदवार म्हणून नेणे, हा आता सर्रास प्रकार झाला आहे. शिकाऊ उमेदवारीत स्वतःमध्ये वाईट काही नाही. उलट हात बसण्याचा तो उत्तम मार्ग आहे. पण शिकाऊ उमेदवार कायदा १९६१च्या कलम १८ने स्पष्ट म्हटले आहे, की असा उमेदवार प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. कामगार कायद्यांचे संरक्षण त्याला त्या अर्थाने लागू होत नाही आणि मुदत संपली की कायम करण्याचे बंधनही सर्वसाधारणपणे नसते. हे ज्याला आधी सांगितले, तो वर्षभर शिकून पुढे जातो. ज्याला सांगितले नाही, तो वर्षभरानंतर फसवला गेल्याच्या भावनेने परत येतो आणि त्याच्या तोंडून ऐकलेली हकीकत ग्रुपवरील पुढच्या दहा चांगल्या जाहिरातींचा विश्वास खाऊन टाकते.

सरकारही या दोषातून मुक्त नाही. जुलै २०२४मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्यांना सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये महिना विद्यावेतन, सहा महिन्यांसाठी. योजनेच्या कागदात प्रशिक्षण हाच शब्द होता. पण निवडणुकीच्या वर्षात 'लाडका भाऊ' या नावाने तिचा जो गाजावाजा झाला, त्यात तो शब्द बुडाला. मुदत नंतर अकरा महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली, तरी ती संपताच प्रशिक्षणार्थी कायम करण्याच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी नियमांत बसत नसेल, पण त्यांचा समज कोणी करून दिला, हे विचारले गेले पाहिजे. फेब्रुवारी २०२४मध्ये लातूरला झालेला नमो महारोजगार मेळावाही मंडप, फलक आणि मोठ्या आकड्यांनी गाजला. अशा प्रत्येक मेळाव्यानंतर किती जण प्रत्यक्ष रुजू झाले आणि सहा महिन्यांनी किती टिकले, हे दोन आकडे त्याच फलकाच्या आकाराच्या अक्षरांत जाहीर व्हायला हवेत. पहिल्या दिवसाच्या नोंदणीला काही अर्थ नसतो.

जिथे कल्पकता खरोखर हवी

हे सारे पाहिल्यावर भरतीच्या प्रचाराचा उपयोगच नाही, असे वाटू शकेल. तसे नाही. त्याची निकड आहे, पण जिथे माणूस मिळत नाही तिथे. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि शासकीय रुग्णालयांतील रिक्त पदांचा प्रश्न ऐरणीवर आला. तलाठ्याच्या जागेसाठी झुंबड उडविणारा महाराष्ट्र नांदेडच्या रुग्णालयासाठी तज्ज्ञ डॉक्टर आणि परिचारिका पुरेशा संख्येने वेळेत उभा करू शकत नाही. पदमंजुरी, लोकसेवा आयोगाची गती, कंत्राटी नेमणुकांचे नियम ही त्याची मूळ कारणे आहेत आणि ती कोणत्याही रीलने सुटणार नाहीत. पण मुंबई-पुण्यात शिकलेल्या भूलतज्ज्ञाला नांदेडला यावेसे वाटावे, तर निवासस्थान कसे आहे, जोडीदाराला काम मिळेल का, मुलांच्या शाळा कोणत्या, मुंबईला जायला किती तास लागतात, हे कोणीतरी सांगायला हवे. ऑगस्ट २०२५पासून वंदे भारत नांदेडपर्यंत धावू लागली आहे, इतकी साधी माहितीसुद्धा 'थेट मुलाखती'च्या शासकीय जाहिरातीत येत नाही.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाने दुर्गम भागांसाठी तज्ज्ञांना 'तुम्ही आकडा सांगा, आम्ही देऊ' या धर्तीवर वेतन ठरविण्याची मुभा राज्यांना दिली आहे. सरकारी चौकटीत एवढा मोकळा विचार क्वचितच दिसतो. विशेष म्हणजे त्याचा सारा भर पगारावर आहे, ज्याविषयी खासगी जाहिरातदार बोलायला तयार नसतात.

पगार जाहिरातीत लिहिण्याची सक्ती जगात हळूहळू रुजते आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने १ जानेवारी २०२१पासून ती लागू केली, न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर २०२२पासून. युरोपीय संघाने २०२३मध्ये वेतन पारदर्शकतेचा निर्देश काढला आणि सदस्य देशांना आपल्या कायद्यात त्याचा समावेश करण्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत दिली. मुलाखतीपूर्वी उमेदवाराला वेतनाची कल्पना मिळाली पाहिजे, हा त्याचा गाभा. आपल्याकडे अशी सक्ती नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे, हे मात्र मोठे पाऊल आहे. जे नियुक्तिपत्रात लिहावेच लागणार, ते पोस्टरवर लिहायला अडचण कसली?

स्थानिक मालकांनी याचा विचार अधिक गांभीर्याने करायला हवा. लातूरच्या औद्योगिक वसाहतीत काय किंवा नांदेडच्या रुग्णालयांच्या रस्त्यावर काय, 'माणसे मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत' ही तक्रार नेहमी ऐकू येते. त्यांच्या दारावरच्या पाटीवर मात्र 'योग्य पगार दिला जाईल' एवढेच लिहिलेले असते. चाकणचा ठेकेदार निदान पोस्टर तरी पाठवतो. पुण्यात हातात पडणाऱ्या रकमेतून खोलीचे भाडे, मेसचे पैसे आणि गावी येण्याजाण्याचा खर्च वजा केला, तर लातूरचा कमी दिसणारा पगार कित्येकदा फारसा कमी नसतो. पण ही वजाबाकी उमेदवारासमोर मांडायची, तर स्वतःचा आकडा आधी उघड करावा लागतो आणि नेमके तेच मालकांना नको असते. शेजारच्या दुकानातील नोकर उद्या तेवढेच मागेल, ही त्यामागील भीती. ती खोटी नाही, पण तिची किंमत रिकाम्या जागेच्या रूपाने मालकच मोजत आहेत.

महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांकडे या साखळीतील एक जागा आहे, जी त्यांनी वापरलेली नाही. बाहेरून आलेले पोस्टर विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकण्यापूर्वी कंपनीचे पूर्ण नाव, पदाचा प्रकार, हातात पडणारी रक्कम आणि कालावधी, हे चार रकाने ठेकेदाराकडून लेखी भरून घेणे त्यांना सहज शक्य आहे. त्याला कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही. रकाने न भरणाऱ्याचे पोस्टर पुढे जाणार नाही, एवढे दोन-चार महाविद्यालयांनी ठरविले तरी ठेकेदार ते भरू लागतील, कारण त्यांना माणसे हवी आहेत.

याची पहिली मोठी कसोटी लातूरच्या हरंगुळ येथील मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याच्या निमित्ताने लागू शकते. २०१८मध्ये पायाभरणी झालेल्या या कारखान्यातून २५ डिसेंबर २०२० रोजी डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला. सप्टेंबर २०२३च्या करारानुसार भारत-रशिया संयुक्त कंपनीने वंदे भारत शयनयान गाड्यांचे १२० संच तयार करावयाचे असून ते काम याच कारखान्यात करण्याचे ठरले आहे. जिल्ह्यातील प्रत्येक आयटीआयच्या मुलाचे लक्ष त्याकडे आहे. रेल्वेची भरती आणि संयुक्त कंपनीची भरती या दोन भिन्न गोष्टी आहेत, ठेकेदारामार्फत होणारी नेमणूक ही तिसरी, हा फरक अनेकांना ठाऊक नाही. तेथे मोठ्या प्रमाणावर माणसे घेण्याची वेळ येईल तेव्हा कोणती पदे, कोणामार्फत, किती वेतनावर आणि अर्जाला शुल्क आहे की नाही, हे सांगणारे मराठी पत्रक कंपनीने आणि जिल्हा कौशल्य विकास कार्यालयाने आधी काढले पाहिजे. ते निघाले नाही, तर रेल्वे इंजिनाचे चित्र आणि दोन मोबाइल क्रमांक असलेले पोस्टर त्यापूर्वी ग्रुपवर आलेले असेल.